चालानं सात, प्रीमियम तेवढाच: मग इन्शुरन्सवाले पाहतात तरी काय?

मे महिन्यात दुपारी दोन वाजता कोणी माझ्या इन्शुरन्सच्या ऑफिसची पायरी चढलं, की समजायचं काम अडलेलं आहे. नागपुरात या वेळेला माणूस कूलरपुढून हलत नाही. काका आले, डोक्याचा दुपट्टा सोडला, माठातलं पाणी दोन ग्लास प्यायले आणि मोबाईल माझ्यापुढे सरकवला.

"ताई, हे पाहा न. सात चालान निघून राहिले गाडीवर. आन् परवा इन्शुरन्स संपून राहिला. आता प्रीमियम डबल होईन का वो?"

मी यादी पाहिली. तीन वर्धा रोडवरच्या वेगाची, दोन सिग्नलची, एक सीताबर्डीत चुकीच्या जागी गाडी लावल्याचं, एक सीटबेल्टचं. यातली निम्मी मुलाच्या नावची, असं काकांचं म्हणणं. पण कॅमेऱ्याला मुलगा दिसत नाही, नंबर प्लेट दिसते.

काकांच्या डोक्यात ही भीती भाच्यानं भरली होती. भाचा इंग्लंडात लेस्टरला असतो. तिथे एकदा वेग जास्त झाला म्हणून त्याच्या लायसन्सवर तीन पॉइंट आले आणि पुढच्या वर्षी इन्शुरन्सचा आकडा वर गेला. व्हिडिओ कॉलवर त्यानं मामाला हे सांगितलं, आणि मामांनी रात्री बसून सगळी चालानं शोधून काढली.

काकांना मी लगेच सांगितलं की चालानांमुळे प्रीमियम वाढत नाही. काका खूश होऊन उठायला लागले, तेव्हा त्यांना पुन्हा बसवलं, कारण उरलेली गोष्ट जास्त महागाची आहे.

प्रीमियम कशाचा बनतो

आपण ज्याला "फुल इन्शुरन्स" म्हणतो, त्यात मुख्य दोन भाग असतात. एक थर्ड पार्टी (टीपी), म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर. हा मोटार वाहन कायद्यानं सक्तीचा आहे. दुसरा ओडी, म्हणजे ओन डॅमेज, आपल्याच गाडीच्या नुकसानीचा. गाडीच्या मालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आणि झिरो डेप (बदललेल्या भागांवर घसारा न कापण्याची सोय) यासारखी जोडकामं वेगळी.

थर्ड पार्टीचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरपत्रकात खासगी कारसाठी 1000 सीसीपर्यंत 2094 रुपये, 1000 ते 1500 सीसीला 3416 आणि त्यावर 7897 असे आकडे होते. इंजिन किती मोठं, एवढंच तिथे विचारलं जातं. तुम्ही आयुष्यात एकही सिग्नल तोडला नसेल आणि शेजारच्यानं रोज तोडला असेल, तरी एकाच इंजिनाच्या गाडीला दोघांचा टीपी सारखाच.

फरक पडतो तो ओडीत. तिथे गाडीची आयडीव्ही, म्हणजे आजची धरलेली किंमत, गाडीचं वय, मॉडेल, कोणत्या भागात नोंदली आहे, या गोष्टी येतात. आणि सगळ्यात जोरदार हिसका देणारी गोष्ट म्हणजे एनसीबी, नो क्लेम बोनस. चालानाचा रकाना यात कुठेच नाही.

तो असावा, असा विचार मात्र झालेला आहे. विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, सप्टेंबर 2019 मध्ये एक कार्यगट नेमला. जानेवारी 2021 मध्ये त्याचा अहवाल लोकांपुढे आला. ओडी, टीपी वगैरेंच्या जोडीला "वाहतूक नियमभंग प्रीमियम" असा आणखी एक भाग लावावा, अशी त्यांची शिफारस होती. प्रत्येक गुन्ह्याला गुण द्यायचे, दारू पिऊन चालवलं तर 100 आणि चुकीच्या पार्किंगला 10, मग बेरजेवरून जादा पैसे घ्यायचे. सुरुवात दिल्ली परिसरात करून पाहावी, असंही सुचवलं होतं. शिफारस शिफारसच राहिली. तेव्हापासून दर काही महिन्यांनी "थकीत चालान असेल तर इन्शुरन्स महागणार" अशी बातमी फिरते आणि माझा फोन दिवसभर वाजतो. उद्या नियम आलाच तर तो रिन्यूअलच्या कागदावर स्वतंत्र ओळ म्हणून छापलेला दिसेल, गुपचूप वाढणार नाही.

मला स्वतःला या प्रस्तावात एक गोष्ट खटकली होती. जादा पैसे गाडीच्या मालकानं भरायचे, चालवणारा कोणी का असेना. आपल्याकडे एकच कार बाप ऑफिसला नेतो, मुलगा रात्री फुटाळ्याला नेतो आणि रविवारी मेहुणा रामटेकला. बापाच्या रेकॉर्डवर मेहुण्याचे गुण चढणार. इंग्लंडातली पद्धत या बाबतीत सरळ आहे, तिथे गुन्हा लायसन्सला चिकटतो.

भाच्याचं म्हणणं खरंच होतं, पण तिथलं

भाच्याला खोटं ठरवायचं कारण नाही. ब्रिटनमध्ये साध्या वेगमर्यादा भंगाला किमान तीन पॉइंट लागतात. तीन वर्षांत बारा झाले की लायसन्स जाण्याची वेळ येते, आणि नवशिक्याचं पहिल्या दोन वर्षांत सहालाच रद्द होतं. वेगाचे पॉइंट लायसन्सवर चार वर्षं दिसतात, दारू पिऊन चालवल्याची नोंद अकरा वर्षं. विमा कंपनी साधारण मागच्या पाच वर्षांतल्या शिक्षा विचारते. लायसन्स नंबर दिला की त्या तिला सरकारी नोंदीत तपासताही येतात.

तिथल्या कायद्यातला एक भेद मला आवडतो. 2012 च्या कायद्यानं चुकून दिलेलं चूक उत्तर आणि जाणूनबुजून दिलेलं खोटं उत्तर वेगवेगळं धरलं. निष्काळजीपणानं काही राहून गेलं, तर बहुतेकदा जेवढा प्रीमियम कमी भरला त्या प्रमाणात क्लेम कापतात. मुद्दाम लपवलं असेल तर कंपनी पॉलिसीच रद्दबातल करू शकते. ग्राहकाचं काम एवढंच, की विचारलेल्या प्रश्नाला नीट काळजी घेऊन खरं उत्तर द्यायचं. न विचारलेलं आपणहून शोधून सांगायचं ओझं त्याच्यावर नाही.

म्हणून भाच्याला माझा निरोप: फॉर्ममध्ये विचारलंय तर ते तीन पॉइंट लिही. चार पैसे जास्त जातील.

आपल्या फॉर्मवर काय विचारतात

"आपल्याकडे कोण विचारतं?" असं काका म्हणाले. विचारतात. आपण वाचत नाही.

नव्या कंपनीकडे गाडीचा विमा उतरवताना प्रपोजल फॉर्म भरावा लागतो. त्यात गाडीच्या माहितीखाली चालकाची माहिती असते. वय किती, नजर-कान ठीक का, आणि मग एक प्रश्न येतो: चालक कधी अपघातात सापडला आहे का, किंवा अपघात घडवल्याबद्दल त्याला शिक्षा झाली आहे का? असेल तर तारीख, हकिकत, नुकसान किती, आणि चालू असलेला खटलाही लिहा. त्याच पानावर आणखी एक प्रश्न असतो, की पूर्वी कोणत्या विमा कंपनीनं तुम्हाला नकार दिला, पॉलिसी रद्द केली किंवा जादा अटी घातल्या का.

हे प्रश्न बारकाईनं पाहा. तिथे "चालान" हा शब्द नाही. सीटबेल्टचा दंड, पार्किंगचा दंड, सिग्नलचा दंड यांची चौकशी नाही. विचारलंय ते अपघाताबद्दल, शिक्षेबद्दल आणि चालू खटल्याबद्दल. विमा हा विश्वासाचा करार मानतात. फॉर्ममध्ये जे विचारलं, ते महत्त्वाचं धरलं जातं, आणि त्याला दिलेलं खोटं उत्तर क्लेमच्या दिवशी समोर येतं.

इथे माझाही एक कबुलीजबाब. धंद्यात नवीन होते तेव्हा मी फॉर्मवर पेन्सिलीनं फुली मारून ग्राहकासमोर धरायची, "काका, फुली आहे तिथे सही." आत काय भरलंय, ते त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी कधी वाचून दाखवलं नाही. चालकाच्या रकान्यात सगळीकडे "नाही" लिहिलेलं असायचं. मीच लिहिलेलं. आता मी वाचून दाखवते, लोक कंटाळतात, आणि काही जण उठून ऑनलाइन घेतात. ऑनलाइनही तेच घडतं. "मागच्या वर्षी क्लेम घेतला का?" यापुढे "नाही" आधीच निवडलेलं असतं, आणि आकडा कमी दिसतो म्हणून ते कोणी बदलत नाही.

एनसीबी: खरा पैसा इथे आहे

वर्षभर क्लेम घेतला नाही, तर पुढच्या वर्षी ओडीच्या रकमेवर 20 टक्के सूट. सलग दुसऱ्या वर्षी 25, मग 35, 45 आणि पाचव्या वर्षी 50. ती टीपीवर मिळत नाही. सूट माणसाची असते, गाडीची नाही. जुनी कार विकून नवी घेतली तर ती तुमच्यासोबत नव्या गाडीवर येते, जुनी गाडी घेणाऱ्याला मिळत नाही. पॉलिसी संपून 90 दिवस उलटले की मात्र गेली.

आता हिशेब मांडू. ओडी 12,000 रुपये आणि 1200 सीसीची गाडी धरा. बाकीची जोडकामं बाजूला ठेवू. 50 टक्के सूट असेल तर ओडी 6000, टीपी 3416, मिळून 9416, त्यावर 18 टक्के जीएसटी. साधारण 11,111 रुपये. तीच सूट शून्य झाली तर 12,000 अधिक 3416, वर जीएसटी, म्हणजे 18,191. एका वर्षात 7080 रुपयांचा फरक.

बंपर फुटला. बिल 9000 झालं, त्यात 6000 चा प्लास्टिकचा भाग आणि 3000 मजुरी-रंग. झिरो डेप नसेल तर प्लास्टिकवर निम्मी घसारा कपात, म्हणजे 3000 गेले. शिवाय क्लेममध्ये ग्राहकानं स्वतः सोसायचे सक्तीचे 1000 कापले. रंगाच्या मटेरियलची थोडी कपात सोडून दिली तरी हातात 5000 आले. या 5000 साठी पुढच्या वर्षी 7080 जास्त भरायचे. एवढ्यावर थांबत नाही, कारण शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून चढायची असते. 50 च्या जागी पुढची पाच वर्षं 0, 20, 25, 35, 45. गाडी जुनी होत जाते तसा ओडी उतरतो, त्यामुळे एकूण तोटा नेमका किती ते गाडीगणिक बदलेल, पण पाच हजारांपेक्षा तो बराच जास्त असतो. म्हणून बंपरचा क्लेम घेऊन आलेल्या माणसाला मी आधी कॅल्क्युलेटर दाखवते. सात चालानांनी काकांच्या प्रीमियमला धक्का लागला नाही, पण एका बंपरनं लागला असता.

आणि याच सवलतीपायी लोक खोटं बोलतात.

23 सप्टेंबर 2023 ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांची कार सीटपर्यंत पाण्यात होती. कंपनीनं क्लेम दिला. पूर काही त्यांनी आणला नव्हता, तरी एनसीबी शून्यावर आली, कारण नियम चूक कोणाची ते पाहत नाही, क्लेम घेतला की नाही एवढंच पाहतो. त्यांना ते फार लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी कंपनी बदलली, ऑनलाइन पॉलिसी घेतली आणि "क्लेम नाही, 50 टक्के" असं भरलं. सात हजार वाचले.

नंतर समृद्धीवर डिव्हायडरला गाडी घासली. सव्वा लाखाचं एस्टिमेट निघालं. सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा, आला, कागद मागितले, नव्या कंपनीनं जुन्या कंपनीला विचारलं आणि पुराचा क्लेम बाहेर आला. फॉर्मवरच्या प्रतिज्ञेत छापलेलं असतं, की एनसीबीची माहिती चुकीची निघाली तर ओडीखालचे सगळे फायदे जातील. क्लेम नामंजूर. ते माझ्याकडे आले तेव्हा त्या पत्राची घडी इतक्या वेळा उघडली होती की कागद मधून फाटायला आला होता.

एक कायदेशीर धागा त्यांच्या बाजूनं होता. जुन्या कंपनीकडून खात्री करून घेण्यासाठी नव्या कंपनीनं ठरावीक मुदतीत लिहायचं असतं, जुन्या टॅरिफ नियमांत ती 21 दिवसांची आहे. कंपनीनं तेव्हा झोप काढली आणि क्लेमच्या वेळी जागी झाली, तर ग्राहक आयोगापुढे तो मुद्दा मांडता येतो. वकिलाच्या फायलीत हा मुद्दा शोभतो. त्याच्या भरवशावर फॉर्म भरू नये.

जुना गुन्हा आडवा येतो तो लायसन्समधून

आता चालानांकडे परत. सात चालानांचा प्रीमियमशी संबंध नाही, हे खरं. पण काही गुन्हे दंड भरून संपत नाहीत. वेग, लाल सिग्नल, गाडी चालवताना मोबाईल, जादा माल, मालवाहू गाडीत माणसं, दारू पिऊन चालवणं यांत लायसन्स किमान तीन महिने निलंबित करावं, असं सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीनं 2015 मध्येच राज्यांना बजावलं आहे. प्रत्येक वेळी तसं होतं असं नाही. पण आरटीओची नोटीस आली आणि ती पेपराखाली गेली, की खरी गडबड सुरू होते.

पॉलिसीत अट असते की गाडी चालवणाऱ्याकडे त्या वेळी वैध लायसन्स हवं. निलंबनाच्या काळात खिशातलं कार्ड तसंच दिसतं, पण ते चालत नाही. त्या तीन महिन्यांत कळमना मार्केटजवळ गाडी ठोकली, तर तुमच्या गाडीचा खर्च कंपनी नाकारू शकते. समोरच्याला मार लागला असेल तर गोष्ट आणखी पुढे जाते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण पीडिताला उपाशी ठेवत नाही. बऱ्याच प्रकरणांत आदेश होतो, की कंपनीनं आधी भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी. स्वरणसिंग खटल्यात 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही वाट नीट आखून दिली. त्यात मालकाच्या बाजूचीही एक गोष्ट आहे: लायसन्स नव्हतं एवढं म्हणून कंपनीला सुटता येत नाही, मालकानं जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणानं अट मोडली हे तिला सिद्ध करावं लागतं. ड्रायव्हर ठेवताना त्याचं लायसन्स पाहिलं होतं, फोटो काढून ठेवला होता, हे दाखवता आलं तर मालकाला मोठा आधार मिळतो.

मुदत संपलेलं लायसन्स हा त्याचाच धाकटा भाऊ. पूर्वी मुदत संपल्यावर 30 दिवस ते चालायचं. 2019 च्या दुरुस्तीत ती सवलत गेली. अजूनही लोक मला ठासून सांगतात, "महिनाभर चालते ताई." नाही चालत.

शंकरनगर चौकात संध्याकाळी ट्यूशन सुटली की पोरांचा लोंढा पाहा. सोळा वर्षांच्या मुलाला बिनगिअरची 50 सीसीपर्यंतची गाडीच चालवता येते, आणि त्या लोंढ्यातली प्रत्येक स्कूटर 110 किंवा 125 ची असते. अशा मुलानं अपघात केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 दंड आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, हे कायद्यात आहे. विम्याची मदत तिथे जवळजवळ संपते.

दारूचं वेगळं

रक्ताच्या 100 मिलिलिटरमध्ये 30 मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. पहिल्यांदा 10,000 दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा 15,000 दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. विम्याच्या बाजूनं पाहिलं तर पॉलिसीत साफ लिहिलेलं असतं, की नशेत असताना झालेलं नुकसान आम्ही देणार नाही.

लोकांची एक समजूत आहे, की फुंकायला लावलं नाही, रक्त घेतलं नाही, तर कंपनी काही करू शकत नाही. एप्रिल 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही समजूत मोडली. दिल्लीत एका महागड्या गाडीच्या अपघाताचा तो खटला होता. चाचणीचा अहवाल नसला तरी बाकीच्या परिस्थितीवरून नशा सिद्ध होत असेल तर कंपनीला क्लेम नाकारता येतो, असं न्यायालयानं म्हटलं. दवाखान्याच्या केसपेपरवर "तोंडाला दारूचा वास" ही एक ओळ डॉक्टर लिहितात, आणि सर्व्हेअर ती आधी शोधतो.

पांढऱ्या नंबर प्लेटवर ताडोबाची भाडी मारणाऱ्यांनाही दोन शब्द. खासगी पॉलिसीत पैसे घेऊन प्रवासी नेणं बसत नाही. अशा एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये 75 टक्के क्लेम द्यायला लावला होता, पण तो हक्क म्हणून धरू नका.

आणि पीयूसी, म्हणजे प्रदूषण तपासणीचा दाखला. तो नसेल तर दंड होतो, पण तेवढ्या कारणानं क्लेम नाकारता येत नाही, हे आयआरडीएआयनं 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे. व्हॉट्सअॅपवर याच्या उलट मेसेज अजून फिरतो.

क्लेम नामंजूर झाला आणि कंपनी चुकतेय असं वाटलं, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या. तिथे काही झालं नाही तर विमा लोकपाल आहे. नागपूरला पुण्याचं कार्यालय लागतं, पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. मोठी रक्कम असेल तर ग्राहक आयोग आहेच. पण या सगळ्या ठिकाणी पहिला कागद मागतात तो तुम्ही सही केलेला प्रपोजल फॉर्म. त्याची प्रत मागून घेत जा, हक्काची आहे.

काकांना दुसऱ्या कंपनीचा आकडा कमी दिसत होता, त्यामुळे नवा फॉर्म भरायचाच होता. मी वाचायला सुरुवात केली. नाव, पत्ता, गाडी नंबर, लायसन्स. मागच्या वर्षी क्लेम? नाही. मग चालकाचा प्रश्न आला.

"काका, गाडी चालवणारं कोणी अपघातात सापडलंय का? केस वगैरे?"

"नाही." मग कूलरकडे पाहत, "म्हणजे पोराचं झालं होतं अमरावती रोडवर. स्कूटरवाल्याचा पाय मोडला. आपन दवाखान्याचा पुरा खर्च देला. मिटलं ते."

"पोलिसांत?"

"ते केस चालू हाय न. तारखा पडून राहिल्या."

मी पेन त्यांच्याकडे वळवलं. त्यांनी खिशातून चष्मा काढला, मुलाला फोन लावला, तारीख विचारली, आणि सातही चालानांची यादी बाजूला सारून त्या एका रकान्यात सावकाश लिहायला लागले. जागा कमी पडली. मी पुरवणीला कोरा कागद जोडून दिला.

"आन् हे चालान?"

"ती मोबाईलवर भरा. पण आधी हे पूर्ण करा."